ग्लुटेन-फ्री पिझ्झा घरी करताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : ग्लुटेन-फ्री मिक्समध्ये पाकिटावर लिहिल्याएवढे पाणी घातले, तर पीठ हाताला चिकटते आणि लाटता येत नाही. पाणी कमी केले, तर बेस कडकडीत होतो आणि कडांना चिरा पडतात. काय चुकते? (वाचक, नाशिक)

उत्तर : पाणी कमी करता, तेच चुकते. या मिक्समध्ये ग्लुटेन, म्हणजे गव्हाचे पीठ चिवट करणारे प्रथिन, नसते. त्याऐवजी बहुधा तांदळाचे पीठ, मक्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च असतो आणि ते बांधून ठेवायला झँथन गम नाहीतर इसबगोल. हे दोन्ही भरपूर पाणी पितात. त्यामुळे भिजवलेले पीठ थालीपिठाच्या पिठापेक्षा सैलच दिसायला हवे. ते लाटायचे नाही, थापायचे.

पाकिटावर वेगळे प्रमाण नसेल तर २५० ग्रॅम मिक्सला २०० ते २२० मिली कोमट पाणी, दीड छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, एक छोटा चमचा साखर आणि एक मोठा चमचा तेल घ्या. मीठ आणि यीस्ट काही मिक्समध्ये आधीच असते. घटकांची यादी वाचूनच घाला. वरून आणखी गम तर मुळीच नको, बेस रबरी होतो.

मळत बसू नका. चमच्याने दोन मिनिटे घोटा आणि १० मिनिटे झाकून ठेवा. मग तेल लावलेल्या बेकिंग पेपरवर ओल्या हाताने मधून कडेकडे थापा. एवढ्यात साधारण २२ सेंमीचे दोन बेस होतात. फाटलेली कड ओल्या बोटाने सांधता येते. फुगवायचे ते थापल्यानंतर, ३० ते ४० मिनिटे. आधी फुगवून मग थापले तर हवा निघून जाते, आणि ती पुन्हा धरून ठेवायला ग्लुटेन नाही. दुप्पट होण्याची वाटही पाहू नका. जास्त फुगलेला बेस भाजताना बसतो.

प्रश्न : वरचे चीज करपायला लागते, तरी बेस मध्ये ओलाच राहतो. (वाचक, पुणे)

उत्तर : बेस आधी एकटा भाजा. पिठात पाणी जास्त असते. त्यावर सॉस-चीजचा थर आला की वाफेला बाहेर पडायला वाट उरत नाही. ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) २३० अंशांवर २० मिनिटे तापवा, आत एक ट्रे उलटा ठेवूनच. त्या तापलेल्या ट्रेवर बेस पेपरसकट सरकवा आणि ८ ते १० मिनिटे भाजा. (पेपर एवढे तापमान सोसतो का, हे त्याच्या खोक्यावर पाहा.) वरचा भाग कोरडा झाला की सॉस, भाज्या, चीज घालून आणखी ७-८ मिनिटे.

सॉस आटवलेला हवा, एका बेसला दोन मोठे चमचे पुरे. टोमॅटोच्या बिया काढा, मशरूम आधी परतून घ्या. आणि गव्हाच्या पिझ्झासारख्या तपकिरी रंगाची वाट पाहू नका. तोवर बेस वाळून जातो. कडांना भाजण्यापूर्वी तेल लावले तर थोडा रंग येतो.

प्रश्न : मुलाला सीलिअ‍ॅक आहे. मिक्स ग्लुटेन-फ्री आहे, मग आणखी काय पाहायचे? (वाचक, सोलापूर)

उत्तर : बरेच काही. या आजारात ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते. भारतात ग्लुटेन-फ्री म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको, पण हा नियम पाकिटापुरता. तुमच्या ओट्याला तो लागू होत नाही. थापताना पीठ चिकटते म्हणून ज्वारीचे किंवा तांदळाचे पीठ भुरभुरवत असाल आणि ते गव्हाच्याच गिरणीतून दळून आणले असेल, तर सगळी मेहनत वाया. लाकडी पोळपाट आणि पोळ्यांच्या पिठाची चाळणी दूर ठेवा. त्याच दिवशी घरात कणीक चाळायची असेल, तर पिझ्झा आधी करून झाका.

बाजारातल्या बहुतेक डबीबंद हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असते. सॉसच्या फोडणीत किंवा तयार मसाल्यात ते नकळत येते. सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो. काही इटालियन मिक्समध्ये ग्लुटेन काढून टाकलेला गव्हाचा स्टार्च वापरतात. नियमात बसणारे असे मिक्स सीलिअ‍ॅकला चालते, मात्र गव्हाची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने ते टाळावे.

प्रश्न : उरलेला बेस दुसऱ्या दिवशी दगडासारखा होतो. (वाचक, पणजी)

उत्तर : फ्रिजमध्ये स्टार्च लवकर कडक होतो. अर्धा भाजलेला बेस पूर्ण गार करून, हवाबंद पिशवीत थेट फ्रीझरमध्ये ठेवा, महिनाभर राहतो. वापरताना वितळू न देता टॉपिंग घालून भाजा, दोन-तीन मिनिटे जास्त लागतील. शिजलेला पिझ्झा उरला असेल तर जाड तव्यावर, मंद आचेवर, झाकण ठेवून गरम करा आणि लगेच खा.