वाचक विचारतात : बिअरवरून जुंपली की

गेल्या अंकात आपण म्हटलं होतं की क्राफ्ट, म्हणजे छोट्या ब्रुअरीत बनणाऱ्या बिअरबद्दलचं असं एखादं मत कळवा जे मित्रांमध्ये नुसतं बोललं तरी सगळे अंगावर येतात. पत्रं भरपूर आली, काही तर एकाच टेबलावरच्या दोघांनी वेगवेगळी पाठवलेली दिसतायत. निवडक घेतोय. आणि मी मध्यस्थ वगैरे नाहीये, जिथं पटेल तिथं सरळ बाजू घेणार.

मला आयपीए, म्हणजे ती इंडिया पेल एल नावाची कडू बिअर, आवडत नाही. आमच्या ग्रुपमध्ये हे बोललं की "तुझी जीभ अजून तयार झाली नाही" असं ऐकावं लागतं, दरवेळी विट, म्हणजे गव्हाची हलकी बिअर, मागवते म्हणून मला 'नवशिकी' म्हणतात. खरंच आवडायलाच पाहिजे का?
– एक वाचक, कोथरूड

अजिबात नाही हो ताई. बिअरचा कडूपणा आयबीयूमध्ये मोजतात, विट बिअर साधारण १० ते २०च्या आत असते आणि अमेरिकन पद्धतीची आयपीए ४० ते ७०, म्हणजे तुमचे मित्र तिप्पट-चौपट कडू पितायत आणि वर तुम्हालाही प्या म्हणतायत. कडू चव काही माणसांना जन्मतःच जास्त लागते, त्यात जीभ 'तयार' होण्याचा प्रश्न येतोच कुठं, आणि समजा सवयीनं आवडायला लागली तरी ती सवय लावून घ्यायची सक्ती कुणी केलीय?

आणि विटला नवशिक्यांची बिअर म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगा. बेल्जियममधल्या हूगार्डन गावात ही बिअर शेकडो वर्षं बनत होती आणि १९५०च्या दशकात तिथली शेवटची ब्रुअरीसुद्धा बंद पडली. संपलाच होता तो प्रकार. मग पिएर सेलिस नावाच्या एका दूधवाल्यानं, ज्यानं पोरवयात त्या ब्रुअरीत हाताखाली काम केलं होतं, १९६६मध्ये ती पुन्हा बनवायला घेतली. आज पुण्या-बंगळुरात धने आणि संत्र्याची साल घातलेली जी विट जवळजवळ प्रत्येक ब्रुपबमध्ये, म्हणजे स्वतःची बिअर बनवणाऱ्या पबमध्ये, मिळते ती त्या माणसामुळे. तेव्हा बिनधास्त मागवा.

अमेरिकेहून येणाऱ्या मित्राला मी दरवेळी हेझी, म्हणजे धुरकट दिसणाऱ्या, आयपीएचे कॅन आणायला सांगतो. इथली ताजी आयपीए त्याच्यापुढे काहीच नाही असं माझं मत, मित्र म्हणतात तू फक्त लेबल पितोस.
– हिंजवडीहून

मित्रांच्या बाजूनं. हेझीची सगळी मजा हॉप्स नावाच्या कडवट, सुगंधी फुलांच्या वासात, आंबा, पेरू, संत्रं असे जे वास येतात ना ते, आणि तेच सगळ्यात आधी उडून जातात. त्यात ही बिअर हवेतल्या ऑक्सिजनला फार नाजूक, जरा ऑक्सिजन लागला की पिवळ्याधमक रंगाची मळकट तपकिरी होते आणि वासात ओल्या पुठ्ठ्याची झाक येते. तुमचा कॅन आधी तिकडच्या दुकानात, मग मित्राच्या घरी, मग बॅगेत, मग पुण्याच्या उन्हात टॅक्सीत, एवढा सगळा प्रवास करून येतो. पुढच्या वेळी उघडायच्या आधी कॅनच्या बुडाला छापलेली तारीख बघा, दोन महिने उलटले असतील तर त्याच पैशात इथल्या टाकीतून निघालेली चार ग्लास ताजी आयपीए प्या. स्टाइलवरून भांडण्याइतके आपण रिकामटेकडे असू तर असूदे, पण त्याच्या आधी ताजेपणावरून भांडायला शिकूया.

मी नोकरीनिमित्त म्युनिकला असतो. भारतात आलो की आंबा बिअर, जांभूळ बिअर, कोकम बिअर बघून हसू येतं. जर्मनीत १५१६पासून कायदा आहे, पाणी, बार्ली, हॉप्स, बाकी काही नाही. फळ घातलं की ते सरबत, बिअर नाही. माझ्या मेव्हण्याशी यावरून दरवर्षी दिवाळीत वाद होतो.

दादा, मेव्हणा जिंकलाय असं समजा. १५१६चा तो कायदा बव्हेरियाचा होता, सगळ्या जर्मनीला तो लागू व्हायला १९०६ उजाडलं. त्यात बिअर आंबवणाऱ्या यीस्टचा उल्लेखच नव्हता, आणि बार्लीच वापरा म्हणायचं एक कारण हेही मानतात की गहू पावासाठी राहावा. गंमत म्हणजे पुढं गव्हाची बिअर बनवायचा हक्क बव्हेरियाच्या राजघराण्यानं स्वतःकडे घेतला आणि त्यावर बक्कळ पैसा केला! म्हणजे तुम्ही म्युनिकमध्ये ज्या वाइसबिअरचा, म्हणजे गव्हाच्या बिअरचा, उंच ग्लास हातात घेऊन शुद्धतेवर बोलत असाल तीच मुळात सवलतीतून आलेली. आणि तुमच्याच देशात बर्लिनर वाइसमध्ये लाल नाहीतर हिरवं सिरप ओततात, लाइपझिगकडच्या गोझंमध्ये मीठ आणि धने पडतात, शेजारी बेल्जियममध्ये आंबट चेरी घालून क्रीक किती पिढ्या बनतेय.

तरी तुमच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे आणि ते आंब्यापुरतं. यीस्ट साखर खातं, आणि आंब्याची आपल्याला आवडणारी चव ही बरीचशी साखरेवर उभी असते, ती साखर गेली की उरतं ते फिकट, थोडं कोयीकडचं काहीतरी. म्हणून मग बरेच जण शेवटी पल्प नाहीतर सरळ इसेन्स ढकलतात आणि ग्लासातून मँगो गोळीचा वास येतो. हापूसचे पैसे वाया, बिअरही वाया. कोकम-जांभळाचं तसं होत नाही कारण त्यांची खरी ताकद आंबटपणात आणि तुरटपणात, ती यीस्ट खात नाही, त्यामुळे आंबट धाटणीच्या बिअरमध्ये ती सुंदर बसतात. पुण्याकडे अशा बिअर निघाल्यायत, या दिवाळीत मेव्हण्याबरोबर एक कोकमवाली घेऊन बघा, आंबा मात्र आमरसातच राहूद्या.

स्ट्राँग बिअर पिणाऱ्यांना क्राफ्टवाले माणसात धरत नाहीत. मी स्ट्राँग पितो आणि पीत राहणार. बोला.
– नागपूर

प्या की. आपल्याकडे ५ टक्क्यांच्या वर अल्कोहोल गेलं की स्ट्राँग, ८ला मर्यादा, आणि देशातल्या बिअरच्या खपात मोठा वाटा याच बाटल्यांचा आहे, तेव्हा एवढ्या जनतेला वेड्यात काढण्यात अर्थ नाही. क्राफ्टवाले नाक मुरडतात ते 'साखर घालून चढवलीय' म्हणून. पण तेच लोक बेल्जियमच्या मठातली वेस्टमाले ट्रिपेल समोर आली की हात जोडतात, ती साडेनऊ टक्के आहे आणि तिच्यातही साखर पडते. म्हणजे साखर हा गुन्हा नाही, घाई हा गुन्हा आहे. चढी बिअर गरम तापमानाला भराभर आंबवली की नाकात स्पिरिटसारखी झिणझिणते, हळू आणि थंड आंबवली की तेवढंच अल्कोहोल मऊ लागतं. तुमची बाटली कुठल्या गटातली ते एकदा फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवून वास घेऊन ठरवा. बर्फासारखी थंड प्यायलात तर काहीच कळणार नाही, आणि खरं सांगायचं तर बर्फासारखी थंड द्या असं लिहिण्यामागचा हेतूही तोच असतो. फक्त एक, आठ टक्क्यांच्या दोन बाटल्या म्हणजे साध्या बिअरच्या तीनेक होतात, गाडी घरीच ठेवून जा.

आयपीए भारतात येईपर्यंत खराब होऊ नये म्हणून शोधून काढली हे खरं ना? साताऱ्यात पैज लागलीय.

पैज हरलात. लंडनच्या बो भागातला हॉजसन नावाचा ब्रुअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना लांब मुदतीच्या उधारीवर माल द्यायचा, त्याच्या मालात फिकी, हॉप्स जास्त असलेली बिअर होती जी इंग्लंडात आधीपासूनच मिळत होती. ती प्रवासात छान मुरते हे नंतर लक्षात आलं. त्याच काळात पोर्टर नावाची काळी बिअरसुद्धा जहाजं भरभरून इकडे येत होती आणि गोरे सोल्जर तीच प्यायचे, ती काही वाटेत नासत नव्हती. पैजेची बिअर तुमच्याकडून, कुठली ते समोरच्याला ठरवूद्या.

सगळं चाखून झालं आणि आता मला साधी लेगरच, म्हणजे ती नेहमीची फिकी बिअर, सगळ्यात भारी वाटते. ब्रुपबमध्ये जाऊन लेगर मागवली की मित्र म्हणतात, हीच प्यायची होती तर कोपऱ्यावरच्या परमिट रूममध्ये बसलो असतो.
– ठाणे

तुम्ही आणि मी एका टेबलावर बसायला हवं. ब्रुअरी कशी आहे हे कळायला मी तरी आधी लेगरच मागवतो. आयपीएत चूक झाली तर वरून हॉप्स टाकून झाकता येते, काळ्या स्टाउटमध्ये भाजलेली बार्ली आहे, विटमध्ये धने. लेगरमध्ये लपायला जागा नाही. १८४२मध्ये पिल्झेनला योझेफ ग्रोल यानं पहिली सोनेरी पिल्सनर काढली तेव्हापासून ही अडचण तशीच आहे, फिकं माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), थोडे हॉप्स, पाणी आणि वेळ, त्यातला वेळ सगळ्यात महाग. एल, म्हणजे आयपीए-विटच्या जातीची बिअर, दोन-तीन आठवड्यांत टाकीतून बाहेर येते, लेगरला थंडीत मुरायला सहा-आठ आठवडे सहज लागतात, आणि भाड्याच्या जागेत चारच टाक्या असलेल्या माणसानं एक टाकी दोन महिने अडकवून ठेवायची म्हणजे तेवढ्या वेळात तीन वेळा विकली गेली असती अशी विट सोडून द्यायची. म्हणून बरेच जण लेगर करतच नाहीत, किंवा करतात आणि लवकर काढतात. लवकर काढलेली ओळखायची खूण म्हणजे पहिल्या घोटाआधीच येणारा पॉपकॉर्नवरच्या बटरचा वास. यीस्टला आणखी थोडे दिवस दिले असते तर त्यानंच तो साफ केला असता.

अजून एक बघत जा. ग्लास समोर आला की आतल्या काचेला बुडबुडे चिकटून बसलेत का बघा. चिकटले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही, तेलाचा किंवा साबणाचा थर राहिलाय. स्वच्छ ग्लासात बुडबुडे सरळ वर जातात आणि प्रत्येक घोटानंतर फेसाची एक पांढरी जाळी काचेवर मागं राहते. जिथं ग्लास तेलकट तिथं नळाच्या पाइपा धुतल्या जात असतील असं मी तरी धरत नाही. वेटरला शांतपणे दुसरा ग्लास मागा, लाजायचं काय त्यात? मित्रांना सांगा की परमिट रूममध्ये जी मिळते तिला टाकीतून निघून कितीतरी महिने झालेले असू शकतात, इथली परवा मुरून तयार झालीय, दोन्ही शेजारी ठेवून प्या आणि मग बोला.

माझं वय १९. कुठल्या बिअरपासून सुरुवात करू?

लिंबू सरबतापासून. महाराष्ट्रात बिअरला २१ पूर्ण लागतात. दोन वर्षांनी परत लिही, तेव्हा सविस्तर सांगतो.

तांबडा रस्सा आणि आयपीए, याच्यासारखी जोडी नाही असं मी म्हणतो. बायको म्हणते तुम्हाला चवच कळत नाही.
– कोल्हापूर

वहिनींचं बरोबर आहे. हॉप्सचा कडूपणा आणि वायूचा झणका दोन्ही मिळून तिखटाची आग अजून भडकवतात, मग तुम्हाला रश्श्याची चव लागत नाही आणि आयपीएचीही नाही, लागतो तो फक्त घाम. आता घामच आवडत असेल तर गोष्ट वेगळी, तसे लोक आहेत. नाहीतर रश्श्याबरोबर थोडी गोडसर, माल्टकडे झुकलेली काहीतरी घ्या, अंबर एल किंवा गव्हाची हेफेवाइझेन, तिच्यातला केळ्या-लवंगेचा वास मसाल्याशी छान जमतो. आयपीए ठेवायचीच असेल तर पांढऱ्या रश्श्याबरोबर ठेवा, नारळाच्या दुधाचा स्निग्धपणा कडूपणाला बरोबर आवरतो. रविवारी दोन्ही रस्से असतातच घरी, दोन्ही बाटल्या उघडा आणि वहिनींनाही विचारा, काय निघालं ते पुढच्या अंकाच्या आत कळवा.