राखीव खेळाडूने डिप्लोमा सोडावा का?

प्रश्न : सर, मी कोल्हापूरचा, वय 19, मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पेठेतल्या तालमीच्या संघात तीन वर्षं आहे, पण बहुतेक वेळ राखीव. धाकटा भाऊ माझ्यापेक्षा कितीतरी चांगला खेळतो, तो पहिल्या अकरांत असतो. मला फुटबॉलमध्येच राहायचंय, कोच व्हायचंय. डिप्लोमा सोडून पूर्ण वेळ त्याच्याच मागे लागावं असं वाटतं. वडील म्हणतात, "खेळणाऱ्यांचीच आबाळ, तिथं बाकावरच्याला कोण विचारतंय?" मोठा खेळाडू नसलेल्याला कुणी कोच करतं का? (मी आर्सेनलचा चाहता आहे.) नाव छापू नये.

उत्तर : कंसातलं वाक्य लिहिलंस ते बरं झालं, मला लांब जावं लागलं नाही. ज्या मॅनेजरने, म्हणजे तिकडच्या मुख्य कोचने, लंडनच्या आर्सेनल क्लबला आर्सेनल केलं, त्या हर्बर्ट चॅपमनची गोष्ट तुझ्या पत्राशी इतकी जुळते की वाचताना मला हसूच आलं.

चॅपमनचा जन्म 1878 चा. इंग्लंडमध्ये शेफील्डजवळचं किव्हटन पार्क हे खाणकामगारांचं गाव, वडील कोळशाच्या खाणीत. त्यालाही धाकटा भाऊ होता, हॅरी. हॅरी शेफील्ड वेन्सडेकडून खेळला, 1903 आणि 1904 ला लीग जिंकला, 1907 ला एफए कप ही इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा जिंकला. थोरला हर्बर्ट मात्र ग्रिम्सबी, स्विंडन, वर्कसॉप, नॉर्दॅम्प्टन, शेफील्ड युनायटेड, नॉट्स काउंटी असा गावोगाव फिरत राहिला. शेवटी टॉटनहॅममध्ये दोन हंगाम. तिथे तो पिवळ्या रंगाचे बूट घालायचा. त्या काळात सगळ्यांचे बूट काळे-तपकिरी असायचे, त्यामुळे प्रेक्षकांच्या लक्षात राहिले ते बूटच. त्याच्या खेळाबद्दल कुणी फार बोलत नाही.

पण या सगळ्या वर्षांत त्याने एक गोष्ट सोडली नाही. शेफील्डच्या टेक्निकल कॉलेजात तो खाण अभियांत्रिकी शिकला होता आणि बराच काळ हौशी खेळाडू म्हणूनच खेळला. त्याला कारणही होतं. 1901 पासून इंग्लंडमध्ये खेळाडूला आठवड्याला चार पौंडांपेक्षा जास्त पगार देता येत नसे. तुझ्या वडिलांची काळजी तिथल्या वडिलांनाही असणारच.

मॅनेजर तो झाला तो जवळजवळ योगायोगाने. 1907 साली नॉर्दॅम्प्टनला मॅनेजर हवा होता आणि टॉटनहॅममधला त्याचा सहकारी वॉल्टर बुल तिकडे जाणार होता. बुलचं मन बदललं आणि त्याने चॅपमनचं नाव सुचवलं. चॅपमन तेव्हा 29 वर्षांचा होता आणि खेळ संपवून अभियांत्रिकीकडे वळायच्या बेतात होता. नॉर्दॅम्प्टन सदर्न लीगमध्ये, म्हणजे मुख्य लीगबाहेरच्या स्पर्धेत, लागोपाठ दोन हंगाम तळाला राहिलेला संघ. अशी जागा मोठ्या खेळाडूला कुणी देत नाही, आणि तो घेतही नाही. दोन हंगामांत, 1909 मध्ये, त्याच संघाने ती लीग जिंकली.

हे कसं घडलं ते तुला जास्त उपयोगाचं आहे. त्या काळी बऱ्याच क्लबांत मॅनेजर म्हणजे चिटणीस. पत्रव्यवहार सांभाळायचा, तिकिटांचा हिशोब बघायचा, संघ निवडायला संचालक बसलेलेच. मैदानात खेळाडू आपापल्या मनाने खेळायचे. चॅपमनने आधीच ठरवून खेळायला सुरुवात केली. त्याच्या लक्षात आलं होतं की सतत चाल करत राहिलं की समोरचे अकराही जण मागे गोळा होतात आणि जागाच उरत नाही. त्यापेक्षा त्यांना थोडं पुढे येऊ द्यावं आणि मागे मोकळी जागा पडली की तिथून घुसावं. आज हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. 1907 ला असा विचार करणारे थोडे होते. मला विचारशील तर डझनभर संघांत साधारण दर्जाचा खेळाडू म्हणून वावरल्यामुळेच हे त्याला दिसलं असावं. ज्याच्या पायात जादू असते त्याला "कसं केलंस" विचारलं तर बहुतेकदा सांगता येत नाही.

आता डिप्लोमाचा मुद्दा. इथे गोष्ट गोड नाही.

1912 ला तो लीड्स सिटीला गेला आणि तळाशी घुटमळणारा संघ वर आणला. मग पहिलं महायुद्ध आलं. त्या काळात तो बार्नबोच्या दारूगोळा कारखान्यात व्यवस्थापक होता. युद्ध संपल्यावर आरोप झाला की लीड्सने युद्धकाळात पाहुण्या, म्हणजे दुसऱ्या क्लबांकडून तात्पुरत्या आलेल्या खेळाडूंना नियमाबाहेर पैसे दिले. क्लबने हिशोबाच्या वह्या दाखवायला नकार दिला. 1919 मध्ये क्लबला लीगमधून काढून टाकलं आणि 17 ऑक्टोबरला लीड्सच्या मेट्रोपोल हॉटेलात खेळाडूंचा चक्क लिलाव झाला. चॅपमनवर फुटबॉलमधून बंदी. वय 41.

तेव्हा त्याचं घर चाललं ते सेल्बीतल्या तेलाच्या कारखान्यातल्या नोकरीवर. कारखाना चालवण्याचा अनुभव गाठीशी नसता तर ही जागा त्याला मिळाली असती असं मला वाटत नाही. 1920 च्या अखेरीस तीही नोकरी गेली. त्याच सुमारास हडर्सफील्ड टाउनने त्याला सहायक म्हणून बोलावलं. ज्या काळात पैसे दिल्याचा आरोप होता त्या काळात चॅपमन क्लबमध्ये नव्हताच, कारखान्यात होता, हे मांडून हडर्सफील्डने बंदी उठवून घेतली. 1922 ला एफए कप, 1924 आणि 1925 ला लीग. तिसऱ्या वर्षीही हडर्सफील्डनेच लीग जिंकली, पण तोवर चॅपमन तुझ्या आर्सेनलमध्ये पोचला होता.

आर्सेनलने मॅनेजरच्या जागेसाठी पेपरात जाहिरात दिली होती. नुसते महागडे खेळाडू विकत घेऊन संघ बांधणाऱ्यांनी अर्ज करू नये, असं तिच्यात होतं. पगार वर्षाला 2000 पौंड. (पुढे 1928 ला त्याच चॅपमनने डेव्हिड जॅकसाठी 10,890 पौंड मोजले, तो जागतिक विक्रम होता. त्याचा सहायक बॉब वॉल सांगायचा की बोलणी हॉटेलच्या बारमध्ये झाली, चॅपमनने वेटरला आधीच सांगून ठेवलं होतं की पाहुण्यांना दुप्पट द्यायचं आणि माझ्या जिन-टॉनिकमध्ये जिन घालायची नाही. हे मार्गदर्शन म्हणून घेऊ नकोस.)

1925 ला ऑफसाइडचा नियम बदलला. पुढच्या खेळाडूकडे चेंडू देताना त्याच्या आणि गोलरेषेच्या मधे आधी तीन प्रतिस्पर्धी लागत, ते दोनावर आले. गोलांचा पाऊस सुरू झाला. 3 ऑक्टोबरला आर्सेनल न्यूकॅसलकडून 0-7 हरलं. चार्ली बुकन हा अनुभवी फॉरवर्ड कधीपासून सांगत होता की सेंटर हाफला, म्हणजे तेव्हा मधल्या फळीच्या मधोमध खेळणाऱ्याला, मागे, बचावात उभा करा. चॅपमनने ते मान्य केलं, एक फॉरवर्डही खाली घेतला, आणि दोन दिवसांत वेस्ट हॅमला 4-0 हरवलं. पुढे जगभर गाजलेली डब्ल्यू-एम रचना (खेळाडू मैदानावर या दोन अक्षरांच्या आकारात उभे असत) यातून घडत गेली. हरलेल्या संध्याकाळी खेळाडूचं ऐकून घेणारे कोच मी फार पाहिलेले नाहीत.

म्हणून वडिलांच्या प्रश्नाला उत्तर : हो, विचारतात. पण 1907 सारखं मित्राने नाव सुचवलं आणि झालो मॅनेजर, असं आता होत नाही. आता परवाना लागतो. ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनचा डी परवाना, मग सी, बी, ए, त्याच्या वर प्रो. तुझ्या वयाला डीला बसता येतं. आपल्याकडचे कोर्स विफाच्या, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या मार्फत होतात. तारखा केएसएमध्ये, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनमध्ये विचार. हा कोर्स काही दिवसांचा असतो, वर्षांचा नाही, त्यासाठी डिप्लोमा सोडायचा प्रश्नच कुठे येतो? सुट्टीत कर. पैसे मात्र सुरुवातीला शाळांच्या आणि अकादमींच्या लहान मुलांना शिकवूनच मिळतील, आणि ते बेताचे असतील. हे वडिलांपासून लपवू नकोस.

आणि कोच हा एकच दरवाजा नाही. आर्सेनलमध्ये टॉम व्हिटेकर नावाचा खेळाडू होता, मुळात जहाजांच्या इंजिनांचं काम शिकलेला. 1925 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात गुडघा गेला, खेळ संपला. चॅपमनने त्याला दुखापतींवरच्या उपचारांकडे वळवलं आणि 1927 ला संघाचा ट्रेनर केलं. तोच व्हिटेकर 1947 ला आर्सेनलचा मॅनेजर झाला आणि दोनदा लीग जिंकला. आज त्या जागी फिजिओ आहेत, व्हिडिओवरून खेळाचं विश्लेषण करणारे आहेत. आकडे आणि यंत्रं यांची भीती नसलेला मेकॅनिकलवाला तिथे उपरा ठरत नाही.

चॅपमनचा शेवट सांगतो. जानेवारी 1934 च्या पहिल्या तीन दिवसांत त्याने तीन सामने पाहिले, त्यातला शेवटचा आपल्याच तिसऱ्या संघाचा, गिल्डफर्डला, कडाक्याच्या थंडीत. सर्दी-ताप अंगावर काढला, न्यूमोनिया झाला आणि 6 तारखेला तो गेला. तिसऱ्या संघाचा सामना बघायला गेला, हे मला महत्त्वाचं वाटतं. तब्येतीचं मात्र त्याचं काही घेऊ नकोस.

शाहू स्टेडियमवर भावाचा पुढचा सामना असेल तेव्हा वही घेऊन बस. चेंडूकडे बघू नकोस. दोन्ही संघांचे सेंटर हाफ चेंडू लांब असताना कुठे उभे राहतात, एवढंच दर दहा मिनिटांनी टिपून ठेव. रात्री भावाला दाखव आणि तो काय म्हणतो तेही खाली लिही. चार सामन्यांची पानं झाली की मला पाठव, सोबत चौथ्या सेमिस्टरचा निकालही.