वाचकांचे प्रश्न : गुडघ्याची कूर्चा आणि तोंडावर आलेली स्पर्धा

प्रश्न : मी 21 वर्षांची, 5000 मीटर धावते. दोन महिन्यांपासून उजवा गुडघा सुजतो. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूला कूर्चेची (हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत थराची) तिसऱ्या श्रेणीची, म्हणजे खोलवरची, इजा दिसली, साधारण एक चौरस सेंटिमीटर. एक डॉक्टर मायक्रोफ्रॅक्चर सुचवतात, प्रशिक्षक म्हणतात इंजेक्शन घेऊन पळ. राज्य स्पर्धा तीन महिन्यांवर आहे. काय करू? (नाव छापू नये, पंचवटी, नाशिक)

उत्तर : आधी एक सांगा, गुडघा मध्येच अडकतो का? अडकत असेल तर तुकडा सुटलेला असू शकतो; मग वाट न पाहता शल्यचिकित्सकांकडे जा. अडकत नसेल तर शस्त्रक्रियेची घाई नको. मायक्रोफ्रॅक्चरमध्ये हाडाला बारीक छिद्रं पाडतात. तिथे भरून येते ती तंतुमय कूर्चा, मूळची नव्हे, आणि धावण्याच्या आघातांना ती कमी टिकते. वर सहा-आठ आठवडे कुबड्या आणि स्पर्धेत परतायला बहुधा आठ-बारा महिने. म्हणजे हा हंगाम तसाही गेलाच.

कूर्चेत ना रक्तवाहिन्या, ना चेता. दुखतं ते खालचं हाड आणि सांध्याचं आवरण. म्हणून दुखण्यापेक्षा सुजेवर विश्वास ठेवा. रोज सकाळी अंथरुणातच, पाय सरळ ठेवून, वाटीच्या मध्यावरून टेपने दोन्ही गुडघ्यांचा घेर मोजा. कालच्यापेक्षा एक सेंटिमीटर वाढ म्हणजे कालचा व्यायाम जास्त झाला. पाणी थोडं साचलं तरी मांडीचा पुढचा स्नायू नीट आवळत नाही, आणि स्नायू झोपला की आघात थेट कूर्चेवर येतो. सुजलेल्या गुडघ्याने पळणं इथेच महागात पडतं.

पूर्ण विश्रांतीही नको. कूर्चेचं पोषण दाबण्या-सुटण्यातूनच होतं. पहिले चार आठवडे सायकल, 20 मिनिटं, हलका गिअर. सीट एवढी उंच की पेडल खाली असताना गुडघा 25-30 अंशच वाकेल. सीट खाली ठेवली की वाटी कुरकुरते, आणि दोष सायकलला जातो! त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावात छातीएवढ्या पाण्यात चाला, तिथे पायांवर वजन निम्म्याहून कमी पडतं. लेग प्रेस (पायांनी वजन ढकलण्याचं यंत्र) गुडघा 60 अंश वाकेपर्यंतच. पांडवलेणीच्या पायऱ्या सध्या विसरा, विशेषतः उतरणं.

दोन आठवडे सूज नाही आणि खुर्चीवरून एका पायावर 15 वेळा न डगमगता उठता आलं, की गोल्फ क्लब मैदानाच्या मातीवर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं दहा वेळा, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी टेप बोलेल.

इंजेक्शनचं म्हणाल, तर स्टेरॉइडने सूज दबते, इजा नाही. वारंवार घेतल्यास कूर्चेचंच नुकसान. शिवाय 2022 पासून स्पर्धेच्या काळात कोणतंही स्टेरॉइड इंजेक्शन वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) नियमांत निषिद्ध आहे, गुडघ्यातलंसुद्धा. ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड सांध्यात घेतलं तर स्पर्धेआधी किमान 10 दिवसांचं अंतर लागतं. डॉक्टरांकडून औषधाचं नाव लेखी घ्या.

तीन महिन्यांत 5000 मीटर? मला कठीण वाटतं. प्रशिक्षकांना टेपच्या नोंदींची वही दाखवा.