पोळी मोजा, तोडू नका

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा. आठ महिन्यांपूर्वी त्याला टाइप वन डायबेटिस निघाला. पोळी-भात बंद केला की इन्शुलिन जवळपास लागतच नाही, असं माझ्या दिरांनी व्हिडिओ पाहून सांगितलं. महिनाभर अंडी, पनीर, पालेभाज्या, काकडी असंच देतेय. शुगर छान येते, युनिटही कमी झालेत. पण वजन दीड किलोने उतरलंय आणि परवा दप्तरात बिस्किटांचे पुडे सापडले. माझं चुकतंय का?
– एक आई, धायरी

उत्तर : ताई, आधी वजनाचं बोलू. वाढत्या वयात महिन्याला दीड किलो उतरणं ही थांबून बघण्याची गोष्ट नाही. याच आठवड्यात शुगरची वही घेऊन त्याच्या डॉक्टरांकडे जा, उंची-वजन तपासा, कीटोनही (चरबी जळताना रक्तात तयार होणारी आम्लं) बघायला सांगा. पोटात दुखणं, उलट्या किंवा धाप दिसली तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट दवाखाना गाठा.

शुगर छान येते हे खरंच आहे. कर्बोदकं कमी झाली की जेवणानंतरची शुगर कमी चढते. पण दीर म्हणतात तसं इन्शुलिन सुटत नाही. टाइप वनमध्ये शरीर स्वतःचं इन्शुलिन जवळपास बनवतच नाही, त्यामुळे निर्जळी उपासाच्या दिवशीसुद्धा बेसलचा, म्हणजे खाण्याशी संबंध नसलेल्या पायाभूत इन्शुलिनचा, डोस लागतोच. तो चुकला तर रक्तात कीटोन साठून जिवावर बेततं. शिवाय खाण्यात कर्बोदकं फार कमी असली, की यकृतातला साखरेचा साठा आटतो आणि शुगर एकदम खाली गेल्यावर ती वर आणायला देतात ते ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन कमी लागू पडू शकतं.

पुड्यांचं वाचून मला आमचं कसबा पेठेतलं घर आठवलं. १९९१ साली, दहाव्या वर्षी, मला टाइप वन झाला. आजीने माझ्या ताटातला भात काढला, मायेपोटीच. मग मी देवघरातल्या डबीतली खडीसाखर तोंडात टाकून शाळेत पळायचे. संध्याकाळी शुगर तीनशेवर का, हे घरात कुणालाच कळायचं नाही. चोरून खाल्लेल्या घासाचं इन्शुलिन कोण देणार?

इन्शुलिन नव्हतं तेव्हा अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून काही महिने जगवत. जानेवारी १९२२मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन मिळालं, तेव्हा ते संपलं. लेकराला जेवता यावं म्हणून तर हे औषध आहे! मुलांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही रोजच्या ऊर्जेतली निम्म्याच्या आसपास कर्बोदकांतून यावी असंच म्हटलंय.

तेव्हा पोळी परत आणा, पण त्याआधी इन्शुलिनचा डोस डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्या. कमी केलेल्या युनिटवर एकदम पोळी-भात सुरू करू नका. तीस ग्रॅम कणकेच्या पोळीत साधारण वीस ग्रॅम कर्बोदकं, शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात अठ्ठावीसच्या आसपास. स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा ठेवा, पंधरा दिवसांत नजर बसते. डॉक्टरांची हरकत नसेल तर जेवणाआधीचं इन्शुलिन पंधरा मिनिटं अगोदर द्या. ताटात उसळ-कोशिंबीर आधी, पोळी मागाहून. बिस्किटं, जूस, मैदा यांवर हात आखडता घ्या, त्याला माझी ना नाही.

आणि त्या पुड्यांवरून त्याला रागावू नका. एक पुडा दोघांनी मिळून उलटा करा, मागचा कर्बोदकांचा आकडा त्यालाच मोठ्याने वाचू द्या आणि म्हणा, ‘पुढच्या वेळी खावंसं वाटलं की मला सांग, आपण याचं इन्शुलिन घेऊ.’