उंच रॅकच्या गोदामात आगीच्या स्प्रिंकलरसाठी भारतीय मानक आयएस १५१०५ घ्यावं की अमेरिकी एनएफपीए १३?

परवानगीसाठी एनबीसी २०१६ (राष्ट्रीय इमारत संहिता) आणि आयएस १५१०५ पाळा, पण ९ मीटर छताखाली ७.५ मीटरपर्यंत रॅक असतील तर पाण्याचा हिशेब एनएफपीए १३ च्या साठवणुकीच्या प्रकरणांवरूनच करा. गोदामांचं स्प्रिंकलर डिझाइन हेच माझं रोजचं काम आहे. एनएफपीएमध्ये मालाचा वर्ग, रॅकची उंची आणि छताची उंची यांवरून थेट उत्तर मिळतं. खोक्यातला प्लास्टिक माल असेल, तर ईएसएफआर (सुरुवातीलाच आग दाबणारे) प्रकारचे, के-१४ (पाण्याच्या प्रवाहाचा गुणांक) चे १२ स्प्रिंकलर ५० पीएसआय दाबाला चालवायचे, म्हणजे मिनिटाला साधारण ४,५०० लिटर. तासाभराला २७० घनमीटर झाले. आग विझवायच्या होजचं पाणी वेगळं. टाकीची जागा आत्ताच राखून ठेवा, नंतर ती मिळत नाही.

एफएम (पूर्वीची एफएम ग्लोबल, अमेरिकी विमा कंपनी) हिची डेटा शीट ८-९ सुद्धा घनता-क्षेत्रफळाऐवजी (ठरावीक जागेवर दर चौरस मीटरला किती पाणी) स्प्रिंकलरची संख्या आणि दाब यांवरच चालते, मात्र उपकरणं एफएम मान्यतेची लागतात. विमा त्यांचा असेल तरच तिकडे वळा.

हे आकडे उघड्या रॅकसाठीच आहेत. कामगार फळीवर प्लायवूड टाकतात, किंवा दोन पॅलेटमधली १५० मिमीची फट माल कोंबून बुजवतात. मग वरचं पाणी खालच्या आगीपर्यंत पोचतच नाही आणि रॅकच्या आत वेगळे स्प्रिंकलर द्यावे लागतात. मालाच्या माथ्यापासून स्प्रिंकलरच्या डिफ्लेक्टरपर्यंत (पाणी पसरवणारी चकती) ९०० मिमी मोकळे हवेतच. भाडेकरू बदलला की मालाचा वर्ग पुन्हा तपासून घ्या.