सिलेक्टमध्ये एकही रो नाही तरी इफ ट्रू का होतं?

लासलगावचा आजचा कांद्याचा भाव टेबलात नाहीये तरी तुमच्या पीएचपी पेजवर "भाव सापडला" येतंय, कारण तुम्ही क्वेरीचा रिझल्ट सरळ इफमध्ये टाकलाय. सिलेक्ट नीट चालली की मायएसक्यूएलआय (पीएचपीला डेटाबेसशी जोडणारं एक्स्टेन्शन) तुम्हाला भाव देत नाही, रिझल्ट ऑब्जेक्ट देतं, आणि त्यात शून्य रो असल्या तरी इफला तो ट्रूच. फॉल्स येतं ते क्वेरीच फसली तर, म्हणजे कॉलमचं नाव चुकलं, टेबलच नाही वगैरे (आणि पीएचपी 8.1 पासून तर बाय डिफॉल्ट फॉल्सऐवजी एक्सेप्शनच येतं, जुने व्हिडिओ बघून शिकणारी पोरं इथंच अडकतात). म्हणून आधी फेच असोसने रो काढा, रो नसली की नल (म्हणजे काहीच नाही, इफला ते फॉल्सच) मिळतं, मग त्यावर इफ लावा.

इन्सर्ट, अपडेट, डिलीटला ऑब्जेक्ट नाही, नुसतं ट्रू. किती रो बदलल्या ते अफेक्टेड रोजमध्ये बघायचं, पण पिंपळगावचा भाव कालचाच आज परत अपडेट केलात तर तिथे 0 दिसेल, ती एरर नाही, काही बदललंच नाही ना. डाउट आला की व्हार डंप लावा, हातात नक्की काय आलंय ते लगेच दिसतं.