डिफरन्शियलचा आवाज, गॅरेजची जबाबदारी आणि उघडण्याआधीचा पुरावा

नाशिकच्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांची मागच्या चाकांवर चालणारी सेडान आहे. नऊ महिन्यांपूर्वी त्यांनी पुण्यातील एका खासगी गॅरेजमध्ये तिच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणाऱ्या गिअरपेटीत, ३.१५ ऐवजी ३.७३ गुणोत्तराचे क्राऊन-पिनियन (मोठे दातेरी चाक आणि त्याला फिरवणारे छोटे) आणि एकच चाक घसरून फिरत राहू नये यासाठीचे लिमिटेड स्लिप युनिट बसवून घेतले. त्याच वेळी इंजिनाचे सॉफ्टवेअरही बदलले. क्राऊन-पिनियनचा संच त्यांनी स्वतः परदेशातून मागवला होता. बाकीचे सुटे भाग आणि मजुरी धरून गॅरेजला २,८५,००० रुपये दिले. दीड हजार किलोमीटरच्या आतच ताशी ८० ते १०० च्या वेगात, अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना, मागून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. गॅरेजवाल्यांचे म्हणणे, ‘अशा गाडीला एवढा आवाज असतोच’. पुन्हा उघडायचे तर आणखी ६०,००० रुपये द्या. बिलाच्या तळाशी ‘कामाची हमी नाही’ असे छापलेले आहे. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रानेही वॉरंटी नाकारली. आता दाद कोणाकडे मागावी?

दाद ग्राहक आयोगाकडे मागता येते, यात शंका नाही. गाडी आपण स्वतःच्या वापरासाठी घेतलेली आहे, गॅरेजने मोबदला घेऊन सेवा दिली आहे, आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(११) मधील ‘सेवेतील उणीव’ या व्याख्येत निष्काळजीपणे केलेले काम येते, तसेच ग्राहकाला सांगायला हवी होती ती माहिती जाणूनबुजून दडवणेही येते. दिलेला मोबदला ५० लाखांच्या आत असल्याने प्रकरण जिल्हा आयोगाचे आहे, आणि कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथेही तक्रार करता येत असल्यामुळे आपल्याला पुण्याला खेपा घालाव्या लागणार नाहीत. नाशिकच्या आयोगात, ई-जागृती पोर्टलवरून, तक्रार दाखल करता येईल. मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. मुदत कारण उद्भवल्यापासून २ वर्षांची आहे. ती आवाज सुरू झाल्याच्या दिवसापासून मोजावी असा युक्तिवाद करता येईल, पण त्यावर विसंबू नका. गाडी ताब्यात मिळाल्याच्या तारखेपासूनच मोजा.

अडचण अधिकाराची नाही, पुराव्याची आहे. सेवेत उणीव होती हे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या २०२१ च्या निकालात स्पष्ट केले आहे. आपल्या प्रकरणात तर क्राऊन-पिनियनचा संच आपण आणलेला आणि जोडणी गॅरेजची. त्यामुळे समोरून पहिले उत्तर ‘तुमचा संचच खराब होता’ हे येणार, आणि दुसरे, ‘तुम्ही पहिल्याच दिवशी गाडी दामटली’.

हे दोन्ही बचाव तपासता येतात. अशाच एका जुन्या प्रकरणात साक्षीदार मेकॅनिकची उलटतपासणी करण्याआधी मला हा विषय शिकून घ्यावा लागला होता, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. क्राऊन आणि पिनियन ही जोडी एकत्रच घासून जुळवलेली असते. दोन्हींवर बहुधा एकच क्रमांक कोरलेला असतो, तो जुळतो का हे आधी पाहावे. जोडणी करताना शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून पिनियनची खोली ठरवतात, बेअरिंगवरचा ताण मोजतात आणि दोन दातांमधील मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, बहुधा मिलिमीटरच्या दशांश-दोन दशांशाच्या आसपास, उत्पादकाने सांगितलेल्या मापात ठेवतात. मग दातांना रंग लावून चाक फिरवले की कोठे घासते त्याचा ठसा उमटतो. ठसा दाताच्या मध्यभागी हवा. तो टोकाला, कडेला किंवा मुळाशी गेला असेल तर जोडणीच्या मापात चूक असण्याचा संभव बळावतो. फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर येणारा आणि सोडल्यावर जाणारा आवाज, जसा आपला आहे, तो बहुधा दातांच्या बैठकीकडे बोट दाखवतो. वेगाबरोबर सतत घरघरणारा आवाज बेअरिंगचा असू शकतो. आणि वळणावर खडखडाट झाला तर लिमिटेड स्लिपच्या प्लेट्सना लागणारे तेल किंवा त्यातील मिश्रण चुकले का हे पाहावे लागते. ८०० किलोमीटरला गॅरेजने तेल बदलले तेव्हा चुंबकी बोल्टवर बारीक चुरा दिसला, असे आपण लिहिले आहे. नव्या गिअरमध्ये बारीक चुरा सापडणे सामान्य आहे. तुकडे सापडणे नाही. ते तेल फेकून दिले गेले, हे दुर्दैव.

म्हणून ६०,००० रुपये देऊन गाडी त्याच गॅरेजकडे एकट्याने उघडू देऊ नका. एकदा उघडून, शिम बदलून, पुन्हा बसवले की मूळ चूक होती की नव्हती हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि आपला दावा तिथेच संपतो. आधी लेखी नोटीस पाठवा. कायद्याने ती बंधनकारक नसली तरी आयोगापुढे वजनदार ठरते. तीत आवाजाचे वर्णन, बिल, भरलेली रक्कम आणि एक ठरावीक तारीख द्या: त्या दिवशी एका तटस्थ ऑटोमोबाइल अभियंत्यासमोर डिफरन्शियल उघडले जाईल, गॅरेजने हजर राहावे, आणि न आल्यास तपासणी त्यांच्या गैरहजेरीत होईल. काढलेले तेल सीलबंद बाटलीत ठेवा, संपूर्ण काम व्हिडिओवर घ्या, आणि त्या अभियंत्याचा सहीशिक्क्याचा अहवाल शपथपत्रासह तक्रारीला जोडा. आवाजाचे ध्वनिमुद्रण व व्हिडिओ दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लावलेले बरे. ग्राहक आयोग पुराव्याच्या बारीक नियमांत अडकत नाही, पण समोरच्या वकिलाला आयता मुद्दा कशाला द्यायचा?

‘हमी नाही’ या छापील ओळीने फार दबून जाऊ नये. ती पुढे काही बिघडल्यास फुकट दुरुस्ती करणार नाही एवढे सांगू शकते. हाती घेतलेले काम वाजवी कौशल्याने करण्याच्या जबाबदारीतून ती गॅरेजला सोडवत नाही. अट मुळातच अनुचित आहे असा स्वतंत्र दावा करायचा झाल्यास मात्र तो राज्य आयोगाकडे न्यावा लागतो, आणि एवढ्या रकमेसाठी मी तो मार्ग सुचवणार नाही.

सेवा केंद्राच्या नकाराबाबत माझे मत आपल्याला कदाचित आवडणार नाही: डिफरन्शियलपुरता तो योग्य आहे. मात्र उद्या वातानुकूलन यंत्र बिघडले आणि तेव्हाही हेच कारण पुढे केले, तर त्या बिघाडाचा बदलाशी काय संबंध, असे आपण विचारू शकता. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने ग्राहकाला यासंबंधी स्पष्ट संरक्षण दिले आहे. आपल्याकडे वॉरंटीचा करार आणि ग्राहक कायदा यांवरच भागवावे लागते. विम्याकडूनही आशा ठेवू नका, कारण यांत्रिक बिघाड नेहमीच्या मोटार पॉलिसीतून वगळलेला असतो.

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ चा, म्हणजे नोंदणीतील तपशिलांशी विसंगत असे बदल गाडीत करण्यावरील बंदीचा, प्रश्न आपण विचारला नाही, पण गॅरेज तो काढील. डिफरन्शियलचे गुणोत्तर नोंदणी प्रमाणपत्रावर नसते, हा आपला बचाव आहे. तथापि, उत्पादकाने ठरवलेले मूळ तपशील बदलू नयेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे, आणि कायद्याने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. सॉफ्टवेअरच्या बदलाबाबत मी अधिक सावध राहीन. तक्रारीत तो लपवू नका, पण भरपाई मात्र डिफरन्शियलच्या कामापुरतीच मागा.

तोवर ही गाडी चालवू नका. पिनियनचे बेअरिंग जाम झाल्यास मागची चाके भर वेगात अडकू शकतात, हा धोका आहेच. शिवाय दोष कळूनही गाडी पळवत राहिल्यास, नुकसान कमी करण्याची संधी आपण घेतली नाही, असा करार अधिनियमाच्या कलम ७३ मधील स्पष्टीकरणावर आधारलेला मुद्दा उपस्थित होईल. आजच ओडोमीटरचा फोटो काढून ठेवा, आणि तपासणीच्या दिवशी गाडी टो करून न्या.